सर्पगंधेची मुंबईतील परीक्षा

मरोळ नाक्यावरील औषधांच्या दुकानांत डोकावले, तर काउंटरच्या काचेआड अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसी यांच्या गोळ्या आणि कॅप्सूल आज सहज दिसतात. सीप्झमधील पाळ्या, विमानतळाची वेळापत्रके आणि मेट्रोची घाई यांत सापडलेल्या या उपनगरात झोप उडालेल्या आणि मन उतरलेल्या माणसांची वानवा नाही. डॉक्टरांकडे जाऊन नैराश्याचे निदान करून घेण्यापेक्षा एखादी वनौषधी घेऊन पाहणे अनेकांना सोपे वाटते. झाडपाल्याचे औषध आहे, त्याने अपाय तो काय होणार, हा विश्वास त्यामागे असतो.

याच मरोळमधून मरोशीच्या रस्त्याने आरेच्या झाडीतून पलीकडे गेले की गोरेगाव लागते. स्वित्झर्लंडमधील सिबा या औषध कंपनीचे मोठे संशोधन केंद्र तेथे उभे राहिले होते. १९६३ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्यासारखा वनस्पतिरसायनांचा जाणकार त्याचा प्रमुख झाला. या कंपनीच्या काही नामांकित औषधांचे मूळ भारतीय रानातील एका झुडपात होते. त्या झुडपाला आधुनिक वैद्यकाच्या दरबारात उभे केले ते गोरेगावपासून फार दूर नसलेल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील एका पारशी डॉक्टरांनी. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव. रक्तदाबावरील औषधाचे परीक्षक म्हणून ते जगाला माहीत झाले. परंतु त्यांनी पारखलेल्या मुळीने पुढे नैराश्य या आजाराविषयीचा अवघा विचारच ढवळून काढला.

रुस्तम वकील यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतले, तेथील एम. डी. ही पदवी मिळवली आणि तिशीच्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईत परतले. विलायतेतून शिकून आलेल्या तरुण डॉक्टराने देशी औषधांकडे पाठ फिरवावी, असा तो काळ होता. वकिलांनी तसे केले नाही. मात्र देशी आहे म्हणून त्यांनी ते डोळे मिटून स्वीकारलेही नाही. त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा कल या दोन गोष्टींत सापडतो.

त्या वेळी वाढलेल्या रक्तदाबाच्या रुग्णाला देण्यासारखे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. मीठ तोडायचे, विश्रांती घ्यायची, ब्रोमाइडसारखी गुंगी आणणारी औषधे द्यायची, आणि परिस्थिती हाताबाहेर गेली तर पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंवर अवघड शस्त्रक्रिया करायची, एवढेच मार्ग होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता आणि जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखापाशीही त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. परळच्या खाटांवरील गिरणी कामगारांची कथा वेगळी असण्याचे कारण नव्हते.

भारतात मात्र एक मुळी होती. सर्पगंधा हे जेमतेम गुडघाभर उंचीचे झुडूप. पांढरट गुलाबी फुले, त्यांचे लालसर देठ, पिकल्यावर काळी पडणारी फळे आणि जमिनीत वेडीवाकडी गेलेली कडू मुळी. सर्पदंशावर, विंचवावर, तापावर, पोटाच्या दुखण्यावर लोक ती उगाळून देत. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता याच्या ग्रंथातही सर्पविषावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांची चर्चा आहे. बिहार-बंगालकडे या मुळीला वेडाचे औषध म्हणूनच ओळखत आणि रडणाऱ्या मुलांना झोपवण्यासाठीही ती चाटवत. जुन्या संहितांतील सर्पगंधा म्हणजे नेमकी हीच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. लोकव्यवहारात ती होती, एवढे निश्चित. वनस्पतिशास्त्राने तिला दिलेले राउवोल्फिया हे नाव मात्र लिओनहार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ आहे. सर्पगंधेशी त्याचा तसा काही संबंध नव्हता.

आधुनिक पद्धतीने तिच्याकडे पाहण्याचा आरंभही वकिलांनी केला नव्हता, हे सांगणे भाग आहे. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी उपयोगी पडते, असे लिहिले होते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी आणि राफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अनेक क्षारद्रव्ये वेगळी काढली. त्यांपैकी अजमलीन हे हकीम अजमल खान यांच्या नावाने आजही ओळखले जाते. कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. १९३४ पासून हिमालय ड्रग कंपनीची सर्पिना ही गोळी बाजारात होती आणि देशभरातील डॉक्टर ती लिहूनही देत होते. तरीही भारताबाहेर तिचे नाव कोणी घेत नव्हते. भारतीय नियतकालिकांत छापलेले परदेशांत कोणी वाचत नसे, हे एक कारण. औषध चालते असे म्हणणे आणि ते किती जणांत, किती प्रमाणात, किती काळ चालते हे दाखवणे यांत फरक असतो, हे दुसरे.

तो फरक वकिलांनी भरून काढला. सुमारे दहा वर्षे ते सर्पगंधा रुग्णांना देत होते, रक्तदाब मोजत होते आणि नोंदी ठेवत होते. १९४९ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्यांनी ५० रुग्णांवरील निरीक्षणे ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. बहुतेक रुग्णांत वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब उतरल्याचे त्यांत आकड्यांनिशी मांडले होते. आजच्या कसोट्या लावल्या तर हा प्रयोग साधाच ठरेल. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडण्याची पद्धत वैद्यकात तेव्हा नुकतीच रुजू लागली होती. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीनची सुप्रसिद्ध चाचणी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली ती १९४८ मध्ये. पण वकिलांच्या निबंधात अलंकार नव्हते, प्राचीन वैभवाचे गोडवे नव्हते. मोजलेले आकडे होते. म्हणूनच तो वाचला गेला.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचला आणि भारतातून सर्पगंधेच्या गोळ्या मागवून आपल्या रुग्णांवर वापरल्या. त्यांनाही तोच अनुभव आला. रक्तदाब सावकाश उतरत होता आणि त्याबरोबर रुग्ण शांत होत होते, त्यांची धडधड आणि चडफड कमी होत होती. इकडे बाझेलमध्ये सिबाच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये मुळीतील मुख्य गुणकारी द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. रेसर्पीन असे त्याचे नाव ठेवण्यात आले आणि सर्पासिल या नावाने ते विक्रीस आले. चार वर्षांनी अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवून दाखवले. हे काम रसायनशास्त्रातील अजोड कामगिरींपैकी एक मानले जाते.

येथून कथेला वेगळे वळण लागते. एका भारतीय डॉक्टराने मनोरुग्णांवर सर्पगंधा वापरल्याची बातमी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आली आणि रॉकलंड येथील मनोरुग्णालयातील नेथन क्लाइन यांनी ती हेरली. त्यांनी शेकडो रुग्णांना हे औषध दिले. वर्षानुवर्षे बांधून ठेवलेले, आरडाओरडा करणारे रुग्ण शांत झाले. कॅलिफोर्नियात रॉबर्ट नोस यांनीही असेच पाहिले. फ्रान्सकडून आलेले क्लोरप्रोमाझीन आणि भारतातून गेलेली सर्पगंधा या दोन औषधांनी मनोरुग्णालयांचे रूप पालटू लागले. उन्माद औषधाने उतरू शकतो, ही कल्पनाच तोवर अनेकांना पटत नव्हती.

आणि मग तक्रारी येऊ लागल्या. रक्तदाबासाठी रेसर्पीन दीर्घकाळ आणि मोठ्या मात्रेत घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले होते. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी १९५४ मध्ये अशा पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. पाठोपाठ इतरांनीही तसेच अनुभव नोंदवले. ज्यांचा दाब सुधारला होता त्यांची जगण्याची इच्छा मावळत चालली होती. औषध थांबवल्यावर काही जण पूर्ववत झाले, काहींना विजेच्या झटक्यांचे उपचार द्यावे लागले. रक्तदाबाचा आकडा पाहून समाधान मानणाऱ्या डॉक्टरांना या बातम्यांनी जाग आणली. शतकानुशतके वापरलेली, घराघरांत उगाळली गेलेली मुळी होती ती. चिमूटभर चूर्ण चार दिवस घेणे आणि तिच्यातील द्रव्य गोळीच्या रूपात महिनोन्‌महिने घेणे या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. आणि परंपरेच्या अनुभवात दुसरीची नोंद असण्याची शक्यता नव्हती.

गंमत अशी की याच्या नेमका उलट पुरावाही त्याच काळात पुढे आला. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डेव्हिस आणि शेपर्ड यांनी १९५५ मध्ये चिंता आणि नैराश्य असलेल्या रुग्णांवर रेसर्पीन आणि बनावट गोळी यांची तुलना केली, तेव्हा रेसर्पीन घेणाऱ्यांना बरे वाटल्याचे दिसले. मानसिक आजारांवरील औषधांच्या अगदी पहिल्या शिस्तबद्ध चाचण्यांमध्ये या चाचणीची गणना होते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो निबंध छापला गेला आणि जवळजवळ विसरलाही गेला. खिन्न झालेल्या रुग्णांच्या हकिकती अधिक ठसठशीत होत्या, त्या लक्षात राहिल्या.

त्या हकिकतींमागचे कारण शोधताना अमेरिकेतील बेथेस्डा येथे बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत एक महत्त्वाची गोष्ट हाती लागली. मेंदूतील पेशी एकमेकींशी बोलतात त्या सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन यांसारख्या द्रव्यांच्या साह्याने. ही द्रव्ये पेशींच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. रेसर्पीन या पिशव्या भरण्याचे द्वारच बंद करते. मग बाहेर राहिलेले द्रव्य पेशीतील विकरे नष्ट करून टाकतात आणि साठा संपतो. ब्रॉडी यांच्याकडे काही महिने काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. कंपवाताच्या उपचाराचा मार्ग त्यातून खुला झाला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरीकडे, क्षयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्ण विलक्षण उल्हसित होतात, हे अमेरिकेतील डॉक्टरांनी पाहिले होते. ते मेंदूतील हीच द्रव्ये नष्ट होऊ देत नाही, असे आढळले. आधी इप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पीन दिले, तर उंदीर मरगळत नसत, उलट चळवळे होत. नैराश्यावर हे औषध वापरण्याचा पुरस्कार १९५७ मध्ये केला तो पुन्हा नेथन क्लाइन यांनीच. सर्पगंधेतील द्रव्य साठा रिकामा करते आणि मन उतरते. इप्रोनियाझिड साठा राखते आणि मन वर येते. या दोन टोकांना जोडणारी रेषा म्हणजे नैराश्याची रासायनिक उपपत्ती. १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी तिची व्यवस्थित मांडणी केली. पुढची कित्येक वर्षे नैराश्यावरील नव्या औषधाची पहिली परीक्षा अशी असे : उंदराला रेसर्पीन द्यायचे, तो पाठ वाकवून, पापण्या मिटून, थंडगार होऊन बसला की नवे द्रव्य द्यायचे, त्याच्या पापण्या उघडल्या तर त्या द्रव्याचा पुढे विचार करायचा. एका भारतीय मुळीने उदास केलेल्या उंदरांनी जगाला उदासीवरची औषधे शोधून दिली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त नाही. गोरेगावच्या सिबा केंद्रातही पुढे नैराश्यावरील एक औषध घडले, नायट्रॉक्साझेपिन. सिंटामिल हे त्याचे व्यापारी नाव. ते मात्र कोणत्याही झाडाचे नव्हते, रसायनांतून जुळवलेले होते.

या सगळ्यात वकील कोठे होते? ते मुंबईतच होते, रुग्ण तपासत होते. १९५५ मध्ये त्यांनी ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकन नियतकालिकात सर्पगंधा आणि रक्तदाब या विषयावर तोवर झालेल्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेचा अल्बर्ट लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल मानल्या जाणाऱ्या या पुरस्कारात त्या वर्षी क्लाइन आणि नोस हेही होते, आणि क्लोरप्रोमाझीनसाठी लाबोरी, देनिकेर व लेमान हेही. रक्तदाबाचा डॉक्टर आणि मनोविकारांचे डॉक्टर एकाच यादीत यावेत, याचे कारण ती मुळी होती. विल्किन्स यांना हाच पुरस्कार पुढील वर्षी मिळाला. १९५८ मध्ये भारत सरकारने वकील यांना पद्मभूषण दिले.

वकिलांचे खरे क्षेत्र हृदयरोगाचे. भारतातील आधुनिक हृदयरोगचिकित्सेच्या जनकांत त्यांची गणना होते. हृदयविकाराचा झटका येण्याआधी काही दिवस छातीत येणाऱ्या बदलत्या, वाढत्या कळांकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिले आणि साठच्या दशकात त्यावर परदेशी नियतकालिकांत लिहिले. झटका येऊन गेल्यावर धावाधाव करण्यापेक्षा त्याची चाहूल ओळखावी, हा त्यांचा आग्रह होता. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘फिजिकल डायग्नोसिस’ हे पुस्तक तर भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी उशाशी घेतले. रुग्णाकडे कसे पाहावे, नाडी कशी धरावी, हृदयाचा ठोका कसा ऐकावा, हे त्यात सांगितले आहे. वैद्यकाच्या इतिहासाचीही त्यांना ओढ होती आणि त्यावर त्यांनी निबंध लिहिले. हा माणूस यंत्रांपेक्षा डोळे, कान आणि वही यांवर भरवसा ठेवणाऱ्यांतला होता, असे त्यांच्या कामावरून दिसते.

रेसर्पीनचा सुगीचा काळ मात्र ओसरत गेला. भारतातील जुन्या पिढीच्या घरांत आजोबांच्या औषधांच्या डब्यात अडेल्फेनची गोळी असे. तिच्यात रेसर्पीन अगदी अल्प मात्रेत, ०.१ मिलिग्रॅम, डायहायड्रलाझिनच्या जोडीने असे. कमी मात्रा आणि दुसऱ्या औषधाची जोड हा पहिल्या अनुभवातून घेतलेला धडा होता. पुढे रक्तदाबावर नवी औषधे आली आणि तिचे स्थान उरले नाही. नाक चोंदणे, सुस्ती आणि खिन्नतेचे भय या तीन गोष्टींनी तिला मागे सारले.

खिन्नतेचे ते भय तरी कितपत खरे होते, हा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये जुन्या अभ्यासांची फेरतपासणी झाली, तेव्हा रेसर्पीनमुळे नैराश्य येतेच, असे म्हणण्याइतका भक्कम पुरावा नसल्याचे संशोधकांना आढळले. सुस्तीलाच अनेकदा नैराश्य समजले गेले असावे, मात्राही अवास्तव असत, आणि रुग्णांच्या आधीच्या मनःस्थितीची नोंद बहुधा नसे. ज्या पायावर सेरोटोनिनची अख्खी उपपत्ती उभी राहिली, तो पाया असा भुसभुशीत निघावा, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक चमत्कारिक प्रकरण आहे. त्या उपपत्तीतून शोधलेल्या औषधांनी असंख्य रुग्णांना आधार दिला, हेही तितकेच खरे.

आज नैराश्यावर वनस्पतींतील द्रव्यांचा शोध पुन्हा जोमाने सुरू आहे. युरोपातील सेंट जॉन्स वर्ट या फुलझाडाचा अर्क सौम्य ते मध्यम नैराश्यात बनावट गोळीपेक्षा सरस ठरल्याचे अनेक चाचण्यांत दिसले. पण तोच अर्क संततिनियमनाच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, एचआयव्हीवरील काही औषधे यांचा प्रभाव घटवतो आणि नैराश्यावरील इतर गोळ्यांबरोबर घेतल्यास धोका निर्माण करतो. केशर आणि हळदीतील कुरक्युमिन यांच्या चाचण्याही झाल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष आशादायक असले तरी त्यांतील बहुतेक लहान आणि थोड्या आठवड्यांच्या आहेत. मरोळच्या दुकानात कॅप्सूल मागणाऱ्याने आधीपासून चालू असलेल्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवणे का गरजेचे, ते यावरून कळते. सर्पगंधेबाबत वकिलांनी दहा वर्षे जी वही लिहिली, तशी वही या वनस्पतींपैकी फार थोड्यांच्या वाट्याला आली आहे.

वकिलांच्या मुळीची स्थिती रानातही नाजूक झाली. जगभरातून मागणी येताच झुडपे मुळासकट उपटली जाऊ लागली. मुळी काढणे म्हणजे झाड संपवणेच. कोकण आणि सह्याद्रीच्या उतारांवर आढळणारी सर्पगंधा आता धोक्यातील वनस्पतींत मोडते आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार नियंत्रित आहे. औषधासाठी तिची लागवड केली जाते.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचे २० नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी निधन झाले. गोरेगावच्या केंद्राचे काम तेव्हा जोरात होते आणि अडेल्फेन मुंबईच्या प्रत्येक दुकानात मिळत होती. त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या मात्र त्यांच्या पश्चातही निघत राहिल्या.